जित्ती माती

आमच्या पडवीत भाड्याने राहणारे मास्तर माणसाला नमस्कार करायचे विसरत, पण चिखल दिसला की थांबत. नुसते थांबत नसत, खाली बसत, दोन बोटं बुडवून नाकाशी नेत आणि डोळे मिटून घेत. मग गंभीरपणे सांगत, "वरची मंडळी सुखात आहेत. खालच्यांचं काही कळत नाही." रस्त्याने जाणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसायची. पण दुसरं कुणी जास्त हसलं की मला राग यायचा, कारण आमच्या भाडेकरूला हसायचा पहिला हक्क आमचा होता.

मी कल्याणची, मराठी चौथी शिकलेली. लग्न होऊन शहापूरला भातशेती करणाऱ्या घरात आले, तेव्हा मास्तर पडवीत आधीपासूनच होते. घरात माझे यजमान, सासूबाई आणि मी, सासरे मुंबईला गिरणीत; पुढे आमची मुलगी झाली. मास्तर गावच्या शाळेत शास्त्र शिकवत. उंच, किंचित वाकलेले, लग्न न केलेले, आणि कोटाचे दोन्ही खिसे कायम फुगलेले. त्या खिशांत चिखलाच्या पुड्या असत. धोब्याने एकदा न बघता कोट इतर कपड्यांत भिजवला आणि गावातल्या पाचसहा घरांची धोतरं तांबूस झाली. तेव्हापासून मास्तरांचे कपडे वेगळे जात.

पडवीच्या खिडकीत त्यांच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असत. एक भातसा नदीच्या काठच्या चिखलाची, एक उंबरमाळीच्या झऱ्याची, एक माळशेजच्या पायथ्याच्या वैशाखऱ्याची. वैशाखऱ्याला ते खणायला बसले तेव्हा लोकांना वाटलं, पुण्याहून कुणी गुप्तधनाचा जाणकार आलाय. निम्मं गाव कुदळी घेऊन जमलं. मास्तरांनी सगळ्यांना मनापासून खणू दिलं आणि फुकटात कमरेएवढ्या खोलीचा चिखल घेऊन आले. ही हकीकत सांगताना त्यांना इतकं हसू यायचं की हातातला चहा सांडायचा.

बाटलीत चिखल, पाणी, रद्दी कागदाचा लगदा असं भरून ते ती उन्हात ठेवत. काही महिन्यांनी आत थर दिसू लागत. वर हिरवट, मधे जांभळट, तळाला काळा. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी मला पाट दिला आणि समोर बसवलं.

"ही चाळ आहे, वहिनी. वरच्या मजल्यावरच्यांना हवा लागते. खालच्यांना हवा म्हणजे विष. वरच्यांनी टाकलेलं खालचे खातात, खालच्यांनी टाकलेलं मधले खातात. कुणाचं काही वाया जात नाही आणि भांडण नाही."

"पण दिसत तर कुणीच नाही."

"डोळ्याला दिसण्याइतके मोठे नाहीत ते. पण रंग कुणी लावला? वास कुणाचा आहे?"

वास होता, त्याबद्दल वाद नव्हता. मास्तर जंतू हा शब्द वापरत नसत. जंतू म्हटलं की लोकांना पटकीची साथ आठवते, म्हणून ते त्यांना मंडळी म्हणत. सकाळी शाळेत जाताना बाटल्यांना विचारत, "काय मंडळी, जेवणं झाली?" आणि कुणी नाक मुरडलं तर त्याला सांगत, "घाण म्हणू नये हो. स्वयंपाक चाललाय म्हणावं."

या स्वयंपाकाला अधूनमधून अंडं लागे. मास्तर सोवळ्याओवळ्यातल्या घरातून आलेले, स्वतः कांदाही बेताने खाणारे. ते दिवेलागणीला कातकरवाडीच्या बाजूने कोटाखाली काहीतरी लपवत येताना लोकांनी पाहिलं आणि बातमी पसरली की मास्तर चोरून अंडी खातात. शाळेचे हेडमास्तर तर मुद्दाम आमच्या ओटीवर येऊन सासूबाईंना विचारून गेले. सासूबाई म्हणाल्या, "खात नाय ओ. पुरतात चिखलात." हेडमास्तरांना हे ऐकून जास्तच काळजी वाटली.

सासूबाईंचं आणि मास्तरांचं नातं कज्जेदलालीचं होतं. दिवसातून एकदा भांडण व्हायचंच. सगळ्यात मोठं भांडण करंड्यावरून झालं. सासूबाईंचा कुंकवाचा चांदीचा करंडा मी एकदा खिडकीतल्या फळीवर ठेवला, बाटल्यांच्या शेजारी. काही दिवसांनी बघते तर काळाठिक्कर. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं.

"माजा करंडा काला केलान! तुमच्या त्या मंडलींना सांगा, माज्या कुकवाला हात लावायचा नाय!"

मास्तरांनी करंडा हातात घेतला, उजेडात फिरवला आणि चक्क नाचायला लागले. एवढा उंच माणूस, आढ्याला डोकं आपटलं तरी थांबेना. "आई, अहो, त्यांनी सही केली! जिवंत असल्याची सही!" मग त्यांनी मला समजावलं. तळातली मंडळी जेवली की त्यांच्यातून एक वायू निघतो. सडक्या अंड्यासारखा वास त्याचाच. तो चांदीला लागला की चांदी काळी पडते. म्हणजे मंडळी दिसली नाहीत तरी चांदी त्यांची खबर देते. सासूबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि करंडा रिठ्याच्या पाण्याने त्यांच्याकडूनच घासून घेतला.

आता मुख्य गोष्ट. तिच्यापायी मास्तरांची नोकरी जायची वेळ आली होती.

मास्तरांकडे कुठून तरी शास्त्राची मासिकं येत. त्यांत त्यांनी वाचलं की समुद्राच्या अगदी तळाशी, जिथे ऊन पोचत नाही, तिथल्या चिखलातही अशीच मंडळी राहतात. त्यांनी ते दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगितलं, आणि वर आपल्या पदरचं घातलं की तिथल्या ओंजळभर मातीत ठाणे जिल्ह्याच्या लोकसंख्येपेक्षा जास्त जीव सापडतील. मुलांनी घरी जाऊन सांगितलं. शाळा समितीचे अध्यक्ष लाकडाचे ठेकेदार होते, भारदस्त, देवभोळे, आणि शाळेला छप्पर त्यांनीच घालून दिलेलं. ते भडकले. "जिथं देवानं उजेड नेला नाही, तिथं जीव कशाला ठेवील? मुलांना काय वाटेल ते शिकवतो हा माणूस!"

हेडमास्तर स्वभावाने वाईट नव्हते. त्यांना शाळा स्वच्छ, शांत आणि बिनवासाची हवी होती, एवढंच. त्यांनी मास्तरांना समितीपुढे नेलं. तिथे ठरलं की चैत्र संपायच्या आत मास्तरांनी समुद्राच्या तळाची माती आणून ती जिवंत असल्याचं दाखवावं. नाही दाखवलं तर बाटल्या भातसेत आणि मास्तरांनी दुसरं गाव बघावं. मास्तर म्हणाले, चांदीने दाखवतो. त्यावर हेडमास्तर म्हणाले, "चांदी खाऱ्या पाण्यानंही काळवंडेल. तीच माती मारून, तिच्यात चांदी काळी होत नाही, हेही दाखवा. तरच मानू."

ते बोलणं रास्त होतं आणि मास्तरांनाही ते पटलं. पण घरी आले ते उतरलेल्या चेहऱ्याने.

माती मात्र त्यांना मिळाली, आणि ती त्यांच्या वेडेपणामुळेच मिळाली. मुरबाडच्या सर्व्हिस मोटारीत एकदा त्यांच्या शेजारी उस्मान नावाचा खलाशी बसला होता. तो मुरबाडचा, आणि बोटीवर त्याचं काम समुद्राच्या तळाशी टाकलेली तारायंत्राची तार तुटली की ती आकड्याने वर ओढायची. मास्तरांनी त्याला विचारलं, "तारेला काय लागून येतं?" तो म्हणाला, "काय येनार? चिखल." मास्तरांनी त्याचे दोन्ही हात धरले. मोटारीतल्या लोकांना वाटलं, हरवलेला भाऊ भेटला.

त्या उस्मानला मास्तरांनी सांगून ठेवलं होतं. होळीच्या सुमाराला तो आमच्या दारात उभा राहिला. एका हातात चिनीमातीची बरणी, तिचं तोंड डांबराने बंद केलेलं. दुसऱ्या हातात झाकणाचा पत्र्याचा डबा.

"घ्या मास्तर. हजार वाव, म्हंजी सा हजार फूट खालचा माल हाय. बरनी तुमी सांगितल्यापरमानं लगेच बंद केली. डबा आपला जास्तीचा आनला."

"वास कसा होता?"

"आमचा बोटीवरचा म्होरक्या, सारंग, मला म्हनला, उस्मान, तू मेलास का काय?"

मास्तरांनी त्याला मिठी मारली. सासूबाईंनी त्याला भाकरी वाढली, आणि डब्याकडे बघून विचारलं, "ह्या मातीचं काय करनार?"

"ही उगवायची आहे, आई," मास्तर म्हणाले. त्यांच्या भाषेत मंडळी वाढवणं म्हणजे उगवणंच.

आता बेत असा होता. बरणीतली माती जिवंत ठेवायची आणि डब्यातली मारायची. मारायची म्हणजे चांगली उकळायची. माझ्या चुलीवर पातेलं तयार होतं. आणि मास्तरांचा हात चालेना! रोज डबा उचलत, चुलीपर्यंत येत आणि परत नेऊन ठेवत. "वहिनी, हजार वावांखाली ही मंडळी बसली होती. कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि मी त्यांना इथवर आणून उकळू?" मी म्हटलं, मी उकळते. तर डबा छातीशी धरून बसले. फाल्गुन सरत आला. मला त्यांचा इतका राग आला की एक दिवस मी त्यांना चहाच दिला नाही.

ते दिवस राब भाजायचे होते. आमच्याकडे भाताची रोपं करायची जागा आधी भाजून घेतात. शेण, पालापाचोळा, तोडलेल्या डहाळ्यांची कवळं, गवत असे थर रचायचे, वर बारीक माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. तो धुमसत राहतो, खालची माती भाजून निघते, तण मरतं, मग पावसाळ्याच्या तोंडाशी तिथे भात पेरायचा. सासूबाई त्या दिवशी पहाटेच शेतावर गेल्या होत्या. दुपारी आल्या त्या डोक्यावर मास्तरांचा डबा घेऊन, काजळीने काळा झालेला. ओटीवर ठेवला आणि घाम पुसत म्हणाल्या,

"घ्या. तुमचं काय हात उचलंना. ही उगवायची हाय म्हनलात ना? न भाजता काय उगवतंय? आमच्या राबात ठेवून बरी भाजून आनली. बरनीचं डांबर निघंना, नायतर ती पन नेली असती. आता पेरा."

मास्तर उठले, डब्याचं झाकण काढलं, आत बोट घातलं, नाकाशी नेलं. काही नाही. समुद्राचा वास नाही, कसलाच नाही, निव्वळ भाजलेल्या मातीचा. ते खाली बसले. बराच वेळ त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि सासूबाई घाबरून मला विचारत होत्या, "काय गो, कमी भाजली काय?"

मग मास्तरांनी कोटाच्या बाहीला डोळे पुसले आणि सासूबाईंच्या पायाला हात लावला. "आई, जे माझ्या हातून कधीच झालं नसतं, ते तुम्ही केलंत. आणि बरणी वाचली!"

"मंग रडताय कशाला?"

"सुतक आहे," मास्तर म्हणाले, आणि त्या रात्री खरोखर जेवले नाहीत.

आता हवी होती चांदी. एकसारखी, एकाच सोनाराच्या हातची, दोन तुकडे. माझ्या मुलीचे पायातले वाळे तिला लहान झाले होते. सासूबाईंनी हौसेने घडवलेली जोडी. मी ती मागितली तेव्हा मला वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार. पण त्यांनी पेटीतून काढून मुकाट्याने दिली. आपल्या भाजणीचा निकाल त्यांनाही बघायचा होता.

मास्तरांनी मग जे काही उकळलं ते बघण्यासारखं होतं. खारं पाणी उकळलं, मंडळींचं खाणं म्हणून घेतलेला लगदा उकळला, दुसरी बरणी उकळली, बुचं उकळली आणि दोन्ही वाळेही उकळले. "बाहेरचा पाहुणा आत जाता कामा नये," म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "माज्या नातीच्या वाल्यांची आमटी केलीत." भाजलेली माती नव्या बरणीत गेली, जिवंत जुन्या बरणीत राहिली. दोन्हींत तेच पाणी, तेच खाणं, आणि मातीत खोल रुतवलेला एकेक वाळा. वर मेण ओतून तोंडं बंद केली.

चिनीमातीतून आतलं दिसत नाही, आणि पुन्हा उघडून बघायचं नव्हतं, कारण हवा लागली की खालची मंडळी मरतात. म्हणजे समितीसमोर मेण फोडेपर्यंत मास्तरांनाही ठाऊक नसणार होतं. चैत्र कसा गेला ते आम्हालाच माहीत. मास्तरांनी सामान बांधायला काढलं, परत सोडलं, परत बांधलं. बरणीला कान लावून बसत. "खोल पाण्यातली मंडळी आहेत वहिनी, त्यांना घाई नसते," म्हणत, आणि स्वतः मात्र नखं खात. मी देवापुढे दिवा लावताना चिखलासाठी काय मागावं हे मला सुचत नसे. मग मी सरळ म्हणायची, देवा, काळा कर.

ठरलेल्या दिवशी सकाळी समिती आमच्याच ओटीवर आली. अध्यक्ष, हेडमास्तर, आणि मागे अंगणभर गाव. मी दारात उभी होते. सासूबाई सरळ पुढे जाऊन बसल्या. मास्तरांनी कोट घातला होता आणि खिसे पहिल्यांदाच रिकामे होते.

आधी भाजलेल्या मातीच्या बरणीचं मेण फोडलं. मास्तरांनी चिमट्याने वाळा काढला, पाण्यात खळबळला आणि हेडमास्तरांच्या हातात ठेवला. थोडा मंद झालेला, पण पांढरा. अध्यक्ष म्हणाले, "हे तर काहीच झालं नाही."

"ती मेलेली हाय," सासूबाईंनी त्यांना सांगितलं. "मीच भाजली."

मग मास्तरांनी जुन्या बरणीच्या मेणाला सुरी लावली. मेणाचा तुकडा उडाला आणि त्याच क्षणी वास आला. काय वास होता तो! अध्यक्षांनी उपरणं नाकाला लावलं, अंगणातले लोक दोन पावलं मागे सरले, आमची म्हैस ओरडली. आणि मास्तरांचा चेहरा उजळत गेला, उजळत गेला. वाळा अजून आतच होता, पण त्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं! चिमटा टाकून त्यांनी हात आत घातला, कोपरापर्यंत, कोटासकट, आणि बाहेर काढला.

वाळा काळा होता. काळा कुळकुळीत.

मी ओरडले. मोठ्यांच्या समोर, सुनेने, गावादेखत. मला अजून त्याची लाज वाटत नाही. अंगणात एकच गलका झाला. हेडमास्तर दोन्ही वाळे घेऊन उन्हात गेले, बोटाने चोळून बघितले, दोन्ही बरण्या आळीपाळीने हुंगल्या. त्यांना ठसका लागला, पण दोनदा हुंगल्या. मग परत येऊन स्पष्ट म्हणाले, "अध्यक्षमहाराज, एकच माती, एकच पाणी. भाजलेली गप्प आहे, न भाजलेली बोलली. मास्तरांचं खरं आहे." हे त्यांनी गावासमोर म्हटलं, हा त्यांचा मोठेपणा.

लोक मास्तरांकडे धावले, तर ते ओरडले, "आधी झाकण! आधी झाकण लावू द्या! त्यांना वारा बाधतो!" बरणी नीट बंद करून, पोटाशी धरून मगच त्यांनी अध्यक्षांचा नमस्कार घेतला. अध्यक्ष खुल्या दिलाचे निघाले. त्या बरणीकडे बघत म्हणाले, "इतक्या अंधारात सुद्धा जीव ठेवलेत म्हणजे देवानं. कमाल आहे." आणि मग, "मास्तर, मागा काय हवं ते. शाळा देईल."

मास्तरांनी विचार केला. "आठवड्याला एक अंडं," ते म्हणाले. "राजरोस."

हेडमास्तरांना ते मंजूर करावं लागलं. शास्त्राच्या वर्गाच्या सामानात, खडू आणि फडक्यांच्या बरोबरीने, अंडं येऊ लागलं आणि ते आणायला मास्तर भर दुपारी छाती काढून जाऊ लागले.

वाळे आमच्याकडे परत आले. दिवाळीला सासूबाई घरातली सगळी चांदी रिठ्याने घासत. पांढरा वाळा घासत, काळ्याला हात लावत नसत. कुणी आलं की दोन्ही काढून दाखवत आणि हकीकत सांगत. त्यांच्या सांगण्यात मास्तरांचा भाग जरा कमी आणि राबाचा भाग जरा जास्त असे. मास्तर शेजारी बसून मान डोलवत.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मला मुलगा झाला. बारशाला सासूबाईंनी पेटीतून ती जोडी काढली आणि पहिल्यांदा काळा वाळाच त्याच्या पायात चढवला. पाहुण्यांत आलेली माझी मावससासू कुजबुजली, "अगो, लेकराच्या पायात असलं काळं काय घालतेस? घास की तो जरा."

"घासायचा नाय," सासूबाई म्हणाल्या. "ह्यो जित्त्या मातीतला हाय. जिथं कोन जगत नाय म्हनत व्हते ना, तिथला. माज्या नातवाच्या पायात ह्योच पायजे."

ओटीवर पुरुषांत बसलेले मास्तर हे ऐकून उठले आणि बायकांच्या गर्दीतून वाट काढत पाळण्यापाशी आले. त्यांनी वाकून बाळाचा पाय हातात घेतला, वाळा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि भरल्या घराला मोठ्यांदा सांगितलं, "मंडळी मजेत आहेत."